फ्री कॉलनीचा पत्ता

सोलापुरात रिक्षावाल्याला नुसतं ‘सेटलमेंट’ म्हटलं तरी पुरतं. कसली सेटलमेंट, कोणाची सेटलमेंट, हे तो विचारत नाही. तिथल्या माणसांच्या रेशनकार्डावर, शाळेच्या दाखल्यावर, लग्नपत्रिकेवर पत्ता सरळ छापलेला असतो : सेटलमेंट फ्री कॉलनी, आणि पुढे नंबर. मराठीत ‘फ्री’ म्हणजे बहुधा फुकट, एकावर एक फ्री मिळतं तसं. त्यामुळे नव्या माणसाला वाटतं, सरकारने फुकटात वाटलेली घरं असतील. तसं काही नाही. या ‘फ्री’चा अर्थ आहे सुटलेला. कशातून सुटलेला हे कळायला शंभर-दीडशे वर्षं मागे जावं लागतं. आणि मागे गेलं की ध्यानात येतं, या एकाच शहरात स्वातंत्र्याची भाषा बोलणारी माणसं एकाच गोष्टीविषयी बोलत नव्हती.

1871 साली इंग्रज सरकारने ‘गुन्हेगार जमाती कायदा’ केला. एखादी जमात, टोळी किंवा माणसांचा वर्ग सराईतपणे गुन्हे करतो असं सरकारला वाटलं, की अधिसूचना काढून ती अख्खी जमात गुन्हेगार ठरवायची. या अधिसूचनेविरुद्ध कोर्टात दाद मागता येणार नाही, अशी तजवीज कायद्यातच करून ठेवली होती. कायद्याच्या बाजूचा युक्तिवाद ऐकून आज संताप येतो, पण तो आपल्या ओळखीचा आहे. हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा मुलगा विणकर होतो, तेव्हा चोराचा मुलगा चोर होणारच, असं ते तर्कट. ही कल्पना साहेबाने विलायतेहून आणली नव्हती. ती इथेच, आपल्या ओसरीवर त्याला मिळाली. त्याने फक्त तिला कलमं जोडली.

आधी हा कायदा उत्तरेत लागू होता. 1911 साली तो नव्याने लिहिला गेला आणि मुंबई इलाख्याच्या मानेवर बसला. 1924 मध्ये सगळ्या दुरुस्त्या एकत्र करून त्याला पक्कं रूप दिलं गेलं. यादीत नाव आलेल्या जमातीच्या माणसाचे बोटांचे ठसे घ्यायचे. त्याने ठरल्या वेळी हजेरी द्यायची. गाव सोडायचं तर कळवून, लेखी पास घेऊन सोडायचं. ठरावीक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा शिक्षा झाली तर किमान सात वर्षं, तिसऱ्यांदा झाली तर जन्मठेप काळं पाणी. शेजारच्या वाड्यातल्या माणसाने तीच चोरी केली तर त्याला मात्र साधा न्याय. सहा वर्षांपुढच्या मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या शाळेत ठेवण्याचा अधिकारही सरकारने आपल्याकडे घेतला होता.

यादीत कोण होतं ते पाहिलं की या कायद्याच्या पोटातलं खरं दुखणं कळतं. बंजारे शतकानुशतकं बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहत होते. मोगलांच्या, पेशव्यांच्या, पुढे इंग्रजांच्याही फौजा त्यांच्या तांड्यांवर जगल्या. मग आगगाडी आली, 1860 साली ती सोलापूरपर्यंत पोहोचली, आणि बैलांचा धंदा बसला. पारधी रानात फासे लावून जगत होते. 1878 च्या जंगल कायद्याने रान सरकारी झालं आणि कालची शिकार आजची चोरी ठरली. कैकाडी टोपल्या विणत, वडार दगड फोडत, छप्परबंद एकेकाळी फौजांच्या छावण्यांवर छपरं घालत. ही सारी फिरती माणसं होती. ज्याचं घर एका जागी नाही, त्याचा सातबारा नाही, त्याच्याकडून सारा वसूल होत नाही, त्याला समन्स कुठे बजावायचं? सरकारच्या लेखी फिरणं हाच अर्धा गुन्हा होता.

रामोशांची गोष्ट थोडी निराळी. ते गडकोटांचे, गावांचे राखणदार. राखणीबद्दल त्यांना हक्क आणि इनामं होती. राज्य बदललं, हक्क गेले, तेव्हा पुरंदरच्या परिसरात उमाजी नाईकाने बंड केलं. 3 फेब्रुवारी 1832 रोजी पुण्यात त्याला फाशी झाली. त्याला पकडण्याच्या मोहिमेतल्या कॅप्टन मॅकिंटॉशने लगेच 1833 मध्ये रामोशांवर एक पुस्तकच लिहून टाकलं. माणसं मोजायची, नोंदवायची आणि मग त्यांना एका शब्दात बांधायचं, ही सवय तेव्हापासूनची आहे.

पुढे 1879 मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांनी शस्त्र हाती घेतलं. सुशिक्षितांनी पाठ फिरवल्यावर त्यांच्यामागे उभे राहिले ते रामोशीच. दोन-तीन वर्षांपूर्वीच्या दुष्काळाने मुलूख होरपळून निघाला होता. फडक्यांच्या डोळ्यांपुढे इंग्रजांना हाकलून उभं केलेलं राज्य होतं. आपल्या आत्मवृत्तात त्यांनी रामोशांबद्दल कुरकुर केली आहे, की यांचं लक्ष लुटीच्या वाट्याकडेच फार. शाळेच्या पुस्तकांत ही कुरकुर येत नाही. मला मात्र ती फार बोलकी वाटते. फडक्यांचा रामोशी साथीदार दौलतराव नाईक, त्याच्या माणसांच्या घरात चूल पेटत नव्हती. फडके ज्याला साधन म्हणत होते, तेच त्यांच्यासाठी साध्य होतं. त्याच डोंगरात, त्याच रात्री, खांद्याला खांदा लावून निघालेल्या या माणसांच्या मनात दोन वेगळी स्वातंत्र्यं होती. दौलतराव लढताना मारला गेला, फडके पकडले जाऊन 1883 मध्ये एडनच्या तुरुंगात वारले. एकाचं टपाल तिकीट निघालं. दुसऱ्याची जमात गुन्हेगारांच्या यादीत गेली.

आता सोलापूर. इथे 1870 च्या दशकात मोरारजी गोकुळदासांची सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल उभी राहिली. गावात तिला जुनी गिरणीच म्हणतात. मग नरसिंगगिरजी, विष्णू, लक्ष्मी अशा गिरण्यांचे भोंगे वाजू लागले. गिरणीला माणूस लागतो, तोही रोज येणारा आणि पेरणी-सुगीला गावी न पळणारा. प्लेग, दुष्काळ आणि पुढे 1918 च्या इन्फ्लुएन्झाने मजुरांची चणचण होती. याच सुमारास मुंबई सरकारचे एक आयसीएस अधिकारी, ओ. एच. बी. स्टार्ट, विजापूर भागात गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना एका जागी वसवून कामाला लावण्याचा प्रयोग करत होते. विजापूर, हुबळी, गदग, अहमदाबाद, सोलापूर अशा ठिकाणी सेटलमेंट उभ्या राहिल्या. कुठे शेजारी रेल्वेचं वर्कशॉप होतं, कुठे कापडगिरणी, आणि हा काही योगायोग नव्हता. सोलापूरची सेटलमेंट इलाख्यातल्या मोठ्यांपैकी एक झाली.

काटेरी तारेचं कुंपण, एक फाटक, आत रांगांनी बांधलेल्या खोल्या. सकाळ-संध्याकाळ हजेरी. गिरणीच्या पाळीला जायला बाहेर सोडायचं, पाळी सुटली की परत आत. पाहुण्याकडे जायचं तर पास, मयतीला जायचं तरी पास. मुलांना शाळा सक्तीची. आणि ही शाळा खरोखरची होती, हे विसरून चालणार नाही. स्टार्ट हा खलनायक नव्हता. त्याला या माणसांना ‘सुधारायचं’ होतं आणि त्याचा त्यावर मनापासून विश्वास होता. गोष्ट खरी अवघड होते ती इथेच. सेटलमेंटच्या शाळेत शिकून कुणी मास्तर झालं, कुणी कारकून झालं, कुणी खेळाडू झालं. त्यांच्या नातवंडांच्या बोलण्यात आजही दोन्ही सूर निघतात. तार होती म्हणून राग आहे, आणि तारेच्या आत निदान काम होतं, छप्पर होतं, अशी एक चोरटी हळहळही आहे. गुलामीविषयी असं बोलायचं नसतं, असा आपला शहाणपणा. पण ज्याला कुंपणाबाहेर काहीच मिळालं नाही, त्याने दुसरं काय बोलावं?

गिरणीमालकाला हे कुंपण सोयीचंच होतं. हजेरी घ्यायला सरकारी माणूस, गैरहजर राहिलं तर शिक्षा द्यायला सरकारी कायदा. असा मजूर सहजासहजी संपावर जात नाही, नोकरी सोडून दुसऱ्या गिरणीत जात नाही आणि मुंबईला तर जाऊच शकत नाही. ज्यांची वागणूक अनेक वर्षं ‘समाधानकारक’ राहिली, त्यांना परवान्यावर कुंपणाबाहेर वेगळ्या वस्तीत राहू देत. ही वस्ती म्हणजे फ्री कॉलनी. परवाना रद्द होऊ शकत होता, आणि रद्द झाला की पुन्हा आत. म्हणजे फ्री या शब्दाला तेव्हा एक बारीक दोरी बांधलेली होती.

याच शहरात 1930 साल उजाडलं. मिठाचा सत्याग्रह पेटला होता. सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर तिरंगा फडकला. इंग्रजी राज्यात पालिकेवर चढलेला तो पहिला तिरंगा, असं सोलापूरकर अभिमानाने सांगतात. 5 मे रोजी गांधीजींना अटक झाली. बातमी पोहोचताच शहर बंद झालं, गिरण्यांचे मजूर रस्त्यावर आले. 8 मे रोजी रूपाभवानीच्या परिसरात सत्याग्रह म्हणून शिंदीची झाडं तोडणाऱ्यांना पोलिसांनी पकडलं. जमाव जमला, गोळीबार झाला, माणसं मेली. चिडलेल्या जमावाने पोलीस चौकी आणि कोर्ट पेटवलं. पोलीस आणि अधिकारी मागे हटले. 9 ते 11 मे शहरात इंग्रजांचं राज्य नव्हतं. रहदारी, बंदोबस्त, सगळं स्वयंसेवकांनी पाहिलं. देश स्वतंत्र होण्याच्या सतरा वर्षं आधी सोलापूरने तीन दिवस स्वातंत्र्य भोगलं, असं सोलापूरकर सांगतात, आणि सांगताना त्यांचा आवाज चढतो. चढू द्यावा. ते तीन दिवस खरे होते.

12 मे रोजी मार्शल लॉ आला तो 30 जूनपर्यंत राहिला. रात्रीची संचारबंदी, पास, झडत्या. डोक्यावर गांधी टोपी दिसली की सैनिक ती उतरवायला लावत. पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि ‘गझनफर’ या पत्राचे तरुण संपादक कुर्बान हुसेन या चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिली गेली. एक लिंगायत, एक मराठा, एक मारवाडी, एक मुसलमान. आज भर गावात त्यांचे पुतळे आहेत, चौकाचं नावच चार पुतळा.

आता हे सात आठवडे डोळ्यांपुढे आणा. सोलापूरच्या वकिलाला, व्यापाऱ्याला, मास्तरला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की रात्री घराबाहेर पडायला परवानगी मागायची म्हणजे काय. संशयावरून दार ठोठावलं जाणं म्हणजे काय. वर्तमानपत्रांनी मार्शल लॉला अमानुष म्हटलं, सभांत निषेधाचे ठराव झाले. आणि त्याच शहराच्या कडेला तारेच्या आत कैकाडी, पारधी, टकारी, भामटा, कंजारभाट यांच्यावर हाच मार्शल लॉ जन्मापासून लागू होता, फक्त त्याचं नाव वेगळं होतं. शहरातला मार्शल लॉ 30 जूनला उठला. 1 जुलैच्या सकाळी सेटलमेंटच्या फाटकात हजेरी झाली, नेहमीसारखी.

मी हे कोणाला कमी लेखायला सांगत नाही. फासावर गेलेल्यांनी मागितलेलं स्वातंत्र्य अस्सलच होतं. पण त्यांच्या मागण्यांच्या यादीत ही तार कुठे दिसत नाही. सोलापूरच्या बहुतेकांच्या मनात तारेच्या आतली माणसं म्हणजे ज्यांच्यापासून आपलं रक्षण व्हावं अशी माणसं होती. ‘साहेबाने निदान एवढं तरी बरं केलं’, असं तेव्हाच्या किती सज्जनांना वाटलं असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

आणि कोणालाच सुचत नव्हतं असंही नाही. सोलापूरपासून फार दूर नसलेल्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1918 मध्येच महार, मांग, रामोशी, बेरड यांच्यावरची हजेरी बंद केली होती. फासेपारध्यांना त्यांनी स्वतःच्या पहाऱ्यावर ठेवलं, सोनतळीला त्यांना वसवलं. ज्याला जग चोर म्हणतं त्याच्याच हाती राजवाड्याची राखण द्यायची, ही कल्पनाच केवढी धाडसी! कोल्हापूर संस्थान होतं. कागदावर ते ब्रिटिशांचं मांडलिक, म्हणजे दुहेरी पारतंत्र्यातलं. तिथल्या पारध्याला 1918 मध्ये जे मिळालं, ते ब्रिटिश हिंदुस्थानातल्या सोलापूरच्या पारध्याला स्वतंत्र भारतातही लगेच मिळालं नाही.

1930 मध्येच आणखी एक गोष्ट घडली. मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करायला नेमलेल्या समितीचा अहवाल आला. अध्यक्ष होते तेच स्टार्ट. सभासदांत ठक्करबाप्पा होते आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. सेटलमेंट उभारणारा अधिकारी आणि जातीची तटबंदी पाडायला निघालेला माणूस एकाच टेबलाशी बसून एकाच अहवालावर सही करतात. या प्रसंगावर एखाद्याने नाटक लिहायला हवं होतं. एकाच्या मते माणूस सुधारला की तो मुक्तीला पात्र होतो. दुसऱ्याच्या मते पात्रता सिद्ध करायला लावणं हाच अन्याय.

काँग्रेसमध्ये हा प्रश्न उशिरा पोहोचला. 1936 मध्ये नेहरूंनी या कायद्यावर जाहीर कोरडे ओढले. 1937 मध्ये मुंबईत काँग्रेसचं मंत्रिमंडळ आल्यावर कन्हैयालाल मुनशींच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली, 1939 मध्ये तिचा अहवाल आला. मग युद्ध आलं, मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, अहवाल फडताळात गेला. तार होती तिथेच राहिली.

15 ऑगस्ट 1947. त्या दिवशी सोलापुरात काय जल्लोष झाला असेल, ते सांगायला नको. 1930 चं शहर ते. आणि सेटलमेंटमध्ये? कायदा तोच होता, रजिस्टर तेच होतं. गोरा साहेब जाऊन काळा साहेब आला, हे वाक्य घासून गुळगुळीत झालंय. पण फाटकातल्या माणसापुरतं ते शब्दशः खरं होतं, कारण हजेरी घेणारा शिपाई तर आधीपासून आपलाच होता.

मुंबई प्रांतात त्याच 1947 साली ‘सराईत गुन्हेगारां’विषयी नवा कायदा झाला. त्यात जमातीचं नाव नव्हतं, एकेका माणसाचा गुन्हेगारी इतिहास पाहायचा होता. तत्त्व म्हणून ही मोठीच पायरी. 1949 मध्ये मुंबई सरकारने गुन्हेगार जमाती कायदा आपल्या प्रांतापुरता रद्द केला. केंद्राने नेमलेल्या अय्यंगार समितीनेही कायदा देशभरातून जावा असं सांगितलं आणि 31 ऑगस्ट 1952 रोजी तो गेला. 1871 पासून मोजली तर एक्क्याऐंशी वर्षं.

इथे एक गंमत आहे. सोलापूर मुंबई प्रांतात असल्याने कायद्याच्या हिशेबाने इथली माणसं 1949 मध्येच सुटली. पण सेटलमेंटमध्ये कोणाला विचारा, सुटकेची तारीख 31 ऑगस्ट 1952 हीच सांगतील. ‘विमुक्त दिन’ त्याच दिवशी साजरा होतो. पंडित नेहरू स्वतः सोलापूरला आले आणि त्यांनी आपल्या हाताने तार कापली, अशी आठवणही सांगितली जाते. कागद काढून तारखा पडताळत बसण्यात मला रस नाही. गॅझेटात कायदा रद्द होणं आणि आपण सुटलो असं माणसाला वाटणं, यांत तीन वर्षांचं अंतर असू शकतं. तीस वर्षांचंही असू शकतं. आणि ज्यांना कोणी कधी भेटायला आलं नाही, त्यांना पंतप्रधान आपली तार कापायला आले असं आठवावंसं वाटलं, तर ते कोणत्या स्वातंत्र्याची वाट पाहत होते तेही कळतं.

त्याच 1949 च्या ऑगस्टमध्ये सोलापुरात दुसरी एक मोठी घटना घडली. तिचा या गोष्टीशी संबंध कोणी जोडत नाही. जुनी गिरणी मालकांनी बंद केली. हजारो मजूर रस्त्यावर आले. कापडाची टंचाई होती, म्हणून केंद्र सरकारने जानेवारी 1950 मध्ये अध्यादेश काढून गिरणीचा कारभार ताब्यात घेतला. राज्यघटना लागू झाली त्याच वर्षी एक भागधारक, चिरंजीतलाल चौधरी, थेट सुप्रीम कोर्टात गेला. त्याच्याकडे म्हणे एकच साधारण शेअर होता. आपल्या मूलभूत हक्कांवर घाला आला, समानता आणि मालमत्तेचा हक्क बुडाला, असं त्याचं म्हणणं. डिसेंबर 1950 मध्ये तो तीन विरुद्ध दोन मतांनी हरला. पण दुसरा भागधारक द्वारकादास श्रीनिवास याने स्वतंत्र खटला लढवला आणि डिसेंबर 1953 मध्ये तो जिंकला. सरकारला भरपाई न देता असं करता येणार नाही, असा निकाल लागला. पुढे 1955 मध्ये घटनेची चौथी दुरुस्ती झाली, तिच्या मागे हा निकालही होता. कायद्याच्या विद्यार्थ्यांना ‘सोलापूर मिल केस’ आजही शिकवतात.

ही तारखांची जुळणी माझ्या डोक्यातून जात नाही. एकच गिरणी. तिच्या भागधारकाला स्वातंत्र्य म्हणजे आपल्या शेअरवरची सत्ता. ती राखायला नवी कोरी राज्यघटना हाताशी होती, वकील होते, दिल्लीचं कोर्ट होतं, आणि तीन-चार वर्षांत न्याय मिळाला. तिच्याच साच्यावर तारेच्या आतून येऊन उभं राहणाऱ्या मजुराला स्वातंत्र्य म्हणजे पास न घेता बाहेर पडणं. तेही त्याला मिळालं, पण नेमकी तेव्हा गिरणी बंद. आता कुठे जायचं ते जा. जमीन नाही, धंदा जुना मोडलेला, गावात उभं करत नाहीत. शेअरला भरपाई मिळावी यासाठी घटनेचा कीस पाडला गेला. इतक्या वर्षांच्या हजेरीला भरपाई असते, हा विचारही कोणाच्या मनात आला नाही.

‘विमुक्त’ हा शब्द त्यानंतरचा. मुक्तच्या आधी ‘वि’ लावून सरकारने तो भरजरी केला. महाराष्ट्राने विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी स्वतंत्र याद्या केल्या, विमुक्तांना तीन टक्के राखीव जागा दिल्या. इतर अनेक राज्यांपेक्षा हे पुढचं पाऊल होतं. पण पोलीस ठाण्यातली हजेरी मनातून गेली नाही. 1959 साली सराईत गुन्हेगारांचा कायदा पुन्हा नव्याने झाला. गावात चोरी झाली की पहिल्यांदा पालांवर जायचं, ही पद्धत चालूच राहिली. अजून आहे. पारध्याच्या पोराला विचारा.

आणि आपली भाषा? निर्लज्ज माणसाला आपण बेरड म्हणतो. फसवणाऱ्याला भामटा म्हणतो, वर्तमानपत्राच्या मथळ्यातही ‘भामट्याने गंडवलं’ असं बिनदिक्कत छापतो. ही जातींची नावं आहेत, हे छापणाऱ्याच्या गावीही नसतं. कायदा दिल्लीने रद्द केला, शब्द रद्द करणं आपल्याकडे होतं. 1980 मध्ये लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’ आलं, 1987 मध्ये लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’. भीमराव गस्तींनी आपल्या आत्मकथनाला सरळ ‘बेरड’ हेच नाव दिलं. ज्या शब्दाने आपल्याला हिणवलं तोच उचलून पुस्तकाच्या पाठीवर ठेवायचा, हीसुद्धा स्वातंत्र्याची एक रीत आहे. आजोबांना कुंपणाबाहेर यायचं होतं, नातवाला स्वतःचं नाव स्वतः उच्चारायचं होतं.

नातीचं मागणं त्याहून निराळं निघालं. 2017-18 च्या सुमारास पुण्यात कंजारभाट समाजातल्या काही तरुण-तरुणींनी लग्नाच्या रात्री होणाऱ्या कौमार्य चाचणीविरुद्ध उघड आवाज उठवला. त्यांना मारहाण झाली, समाजाने वाळीत टाकलं. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा तेव्हा नुकताच लागू झाला होता. त्या मुलींच्या गळ्याभोवतीची तार इंग्रजांनी बांधलेली नव्हती. सरकारी जाचात ज्या जातपंचायतीने समाजाला एकत्र धरून ठेवलं, तिच्याच हातात ती तार होती. जुनी माणसं म्हणत होती, पंचायत हेच आमचं स्वातंत्र्य, तेवढं एक सरकारला कधी हिसकावता आलं नाही. मुली म्हणत होत्या, आम्हाला तिच्यापासूनच सोडवा. दोघांचीही बाजू आपल्या जागी खरी, पण मुलींचं आधी ऐकलं पाहिजे, एवढं मी नक्की म्हणेन.

2008 मध्ये बाळकृष्ण रेणके आयोगाने भटक्या-विमुक्तांविषयीचा अहवाल केंद्राला दिला. रेणके स्वतः गोंधळी समाजातले आणि त्यांचं काम सोलापुरातलं. मग त्याच विषयावर इदाते आयोग झाला. अहवालांची थप्पी वाढत गेली.

3 ऑक्टोबर 2024 रोजी सुप्रीम कोर्टाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला. तुरुंगांत जातीवरून कामं वाटणं घटनाबाह्य ठरवलं, कैद्यांच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितलं, विमुक्तांना जन्मावरून सराईत गुन्हेगार मानू नका असं बजावलं. त्या खटल्यात पश्चिम बंगालच्या तुरुंग नियमावलीतला एक नियम कोर्टापुढे आला. कैद्यांमधून रात्रीचा पहारेकरी निवडताना तो भटक्या जमातीचा नसावा, कारण पळून जाण्याची प्रवृत्ती त्यांच्यात निसर्गतःच असते, असा त्याचा आशय. गुन्हेगार जमाती कायदा रद्द होऊन त्या दिवशी बहात्तर वर्षं झाली होती, आणि तो नियम चालू होता.